तुम्ही स्वतःला कोणत्या वर्गात धरता?

मृद्गंध

वर्ल्ड इनिक्वालिटी लॅबचा मार्च २०२४ चा अहवाल वाचल्यापासून हा धागा काढायचं मनात होतं. त्यांच्या हिशोबाने २०२२-२३ मध्ये वर्षाला साधारण २.९ लाख उत्पन्न असलेली प्रौढ व्यक्ती भारतातल्या वरच्या १० टक्क्यांत मोडत होती. म्हणजे महिन्याला चोवीस हजार. वरच्या १ टक्क्यात जायला वर्षाला २०.७ लाख पुरत होते. आणि खालच्या निम्म्या लोकांचं सरासरी उत्पन्न होतं वर्षाला ७१ हजार, महिन्याला सहा हजारांच्याही आत.

हे आकडे मी ऑफिसात, सोसायटीत, नातेवाइकांत बोलून पाहिले. सगळ्यांचं उत्तर एकच: "आपण मध्यमवर्गीय." दोन गाड्या दारात असलेलेही मध्यमवर्गीय आणि आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशीही मध्यमवर्गीय. मावशी म्हणाल्या, "गरीब म्हणजे पुलाखाली राहतात ते, ताई. आमचं खोलीभाडं कधी थकलं नाही."

तर विचारायचं असं की तुम्ही स्वतःला कुठे धरता, आणि कशावरून? उत्पन्नातली दरी तुम्हाला रोजच्या जगण्यात कुठे दिसते? माझं मत आधीच सांगते. आपण सगळे वर बघून मोजतो, खाली बघतच नाही. त्यामुळे टॅक्सपासून सरकारी योजनांपर्यंत आपली सगळी मतं एका चुकीच्या अंदाजावर उभी राहतात. मला ही गोष्ट फार गंभीर वाटते.

चिंचोके

महिना चोवीस हजारात वरच्या दहात? पुण्यात वन बीएचकेचं भाडं भरून बघा त्यात. मग लाइट बिल, मुलाची व्हॅन, आईची बीपीची गोळी. हे आकडे काढणारे कोणत्या गावात राहतात?

हिशोबनीस

@चिंचोके, आकडा अख्ख्या देशाचा आहे आणि प्रौढ व्यक्तीमागे आहे, कुटुंबाचा नाही. तुमचं भाडं खरं आहे, पण ते पुण्याचं आहे. सरकारच्याच घरगुती खर्च पाहणीत २०२३-२४ मध्ये शहरात माणशी महिन्याचा सरासरी खर्च ६,९९६ रुपये निघाला आणि ग्रामीण भागात ४,१२२. चौघांचं घर धरलं तर शहरात २८ हजार, गावात साडेसोळा हजार. ही सरासरी आहे, म्हणजे बरीच घरं याच्याही खाली चालतात.

तुमची ओढाताण होते यावर कुणाचं दुमत नाही. ओढाताण होणारा माणूससुद्धा देशात वरच्या दहात असतो, ही त्या आकड्यातली खरी बातमी आहे.

शेवग्याची_शेंग

आहेराचं पाकीट भरताना सगळे गरीब, पंगतीत मध्यमवर्गीय आणि लग्नाच्या अल्बममध्ये श्रीमंत. :)

कापूसकोंड्या

आमच्याकडे (यवतमाळ) महिन्याचं उत्पन्न विचाराल तर सांगता येत नाही भाऊ. पैसा वर्षातून एकदा दिसतो, कापूस निघाला की. त्यातून कृषी केंद्रवाल्याची उधारी, सोसायटीचं कर्ज, पोरीच्या कॉलेजची फी. त्या आठवड्यात खात्यात आकडा मोठा असतो म्हणून आम्ही श्रीमंत होत नाही.

गावात माणसाची पत पगारावरून ठरत नाही, ओलितावरून ठरते. ज्याच्या विहिरीला मार्चपर्यंत पाणी तो मोठा. कोरडवाहूवाला दहा एकराचा असला तरी लहान. दुसरं म्हणजे घरात एक तरी नोकरी आहे का. तलाठी, शिक्षक, पोलीस, काहीही. ज्या घरात नोकरी आहे ते घर दोन दुष्काळ काढतं. ज्या घरात नाही ते पहिल्यालाच बैल विकतं. शहरातल्यांना ही दरी दिसत नाही, कारण दोन्ही घरांची कौलं सारखीच असतात.

मृद्गंध

@कापूसकोंड्या, प्रतिसाद मनापासून आवडला. ओलिताचा मुद्दा माझ्या डोक्यातही आला नव्हता.

उसाचं_रान

बीडचा आहे. आमच्या तालुक्यातून दिवाळीच्या आसपास ट्रॅक्टर भरून माणसं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादम (टोळी जमवणारा) आधी उचल म्हणजे आगाऊ पैसे देतो आणि सगळा हंगाम ती फेडण्यात जातो. आजारी पडून खाडा झाला की त्याचेही पैसे कापले जातात. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, पण तो टनावर आहे. टन कमी भरला तर दर वाढून काय उपयोग?

या धाग्याशी संबंध असा: कारखान्याच्या चेअरमनची मोठी गाडी फडाच्या बांधाजवळून जाते, कुणी मान वर करून बघत नाही. पण शेजारच्या टोळीला उचल दहा हजारांनी जास्त मिळाली असं कळलं की त्याच रात्री मुकादमाच्या कोपीपुढे (झोपडीपुढे) भांडण. माणूस आपल्या बरोबरीच्याशीच तुलना करतो. चेअरमन त्यांच्या हिशोबातच नाही. मला याचं वाईट वाटतं, कारण दर ठरतात ते त्या चेअरमन लोकांच्या बैठकीत.

फळा_खडू

@उसाचं_रान, अगदी हेच मी स्टाफरूममध्ये रोज बघते.

मी तासिका तत्त्वावर पदवीच्या वर्गांना मराठी शिकवते. माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणारे सर कायम आहेत. सातव्या वेतन आयोगात सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतनच ५७,७०० आहे, त्यावर महागाई भत्ता, घरभाडं. मी सेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) पास आहे, पीएचडी आहे. अभ्यासक्रम तोच, विद्यार्थी तेच, पेपर तपासायचे गठ्ठेही तेच. मला तासाचे पैसे मिळतात. दिवाळीची सुट्टी लागली की शून्य, मे महिना आला की शून्य, आणि जूनमध्ये पुन्हा मुलाखत. झालेल्या तासांचे पैसेही चार-सहा महिन्यांनी येतात.

मला देशातल्या सर्वांत श्रीमंत माणसाचा कधी राग आला नाही. सरांचाही येत नाही, ते चांगले आहेत. पण पगाराच्या दिवशी सगळे मोबाइलवर मेसेज बघतात आणि मी उठून ग्रंथालयात जाते. उत्पन्नातली दरी म्हणजे काय, असं विचाराल तर माझ्यासाठी ती दोन खुर्च्यांमधलं अंतर आहे.

गोरखचिंच

__/\\__

चिंचोके

ताई, हे वाचून गप्प झालो.

हिशोबनीस

@फळा_खडू, तुम्ही म्हणता ते ओडिशात प्रत्यक्ष तपासून झालं आहे. एमिली ब्रेझा, सुप्रीत कौर आणि योगिता शामदासानी या तिघींनी हंगामी कारखानी कामावर छोटे गट केले. काही गटांत सगळ्यांना सारखी मजुरी, काहींत कमी-जास्त. ज्यांना सोबत्यापेक्षा कमी मिळत होतं त्यांचं काम घटलं आणि ते कामावर यायचेही कमी झाले. हातातली मजुरी सोडून लोक घरी बसले! पण कोण किती काम करतो हे जिथे सगळ्यांना डोळ्यांनी दिसत होतं, तिथे फरक असूनही कुणी नाराज झालं नाही. २०१८ साली हे प्रसिद्ध झालं.

मला हा फार महत्त्वाचा धागा वाटतो. लोकांना फरक खटकत नाही, कारण नसलेला फरक खटकतो. जास्त टोपल्या विणणाऱ्याला जास्त मिळाले तर कुणाची हरकत नसते.

बारनिशी

सरकारी नोकरीत आहे, म्हणून लिहितो, कारण आमच्यावर घसरणं सोपं असतं. सातव्या आयोगात सगळ्यांत खालचं मूळ वेतन १८,००० आणि कॅबिनेट सचिवाचं २,५०,०००. म्हणजे शिपायापासून देशातल्या सर्वोच्च सनदी अधिकाऱ्यापर्यंत साधारण एकास चौदा. सगळं छापील आहे, कुणीही बघावं. खाजगी कंपनीत झाडूवाल्यापासून एमडीपर्यंत हे प्रमाण किती, ते विचारून बघा. आधी तर तो झाडूवाला त्यांचा कर्मचारीच नसतो, ठेकेदाराचा असतो.

फळा_खडू ताईंचा प्रश्न वेगळा आणि खरा आहे. भरती बंद ठेवून कंत्राटी माणसं घ्यायची, हे सरकारनेच सुरू केलं आणि ते चूक आहे. शिक्षणसेवकांना (मानधनावर घेतलेल्या नव्या शिक्षकांना) तर वर्षानुवर्षं सहा ते नऊ हजार होते. २०२३ मध्ये कुठे सोळा ते वीस झाले.

टॅक्सभरू

मला वेगळं मत मांडायचं आहे. विषमता हा प्रश्नच नाही, गरिबी हा प्रश्न आहे. अंबानींचे शंभर कोटी वाढले म्हणून माझ्या ताटातली भाकरी कमी होत नाही. सरकारी पाहणीत खर्चातली विषमता कमीच झाली आहे, ग्रामीण भागात गिनी (विषमता मोजायचा आकडा, शून्य म्हणजे सगळे सारखे) ०.२६६ वरून ०.२३७ वर आला, शहरात ०.३१४ वरून ०.२८४ वर. हिशोबनीस हे आकडे का देत नाहीत?

आणि सगळ्या योजनांचा भार नोकरदारावर. लाडकी बहीणचे दीड हजार कुणाच्या खिशातून जातात? माझी पगाराची स्लिप बघा, उत्तर मिळेल.

हिशोबनीस

देतो की. आकडे बरोबर आहेत, २०२२-२३ आणि २०२३-२४ या दोन पाहण्यांतले. पण तो खर्चाचा गिनी आहे, उत्पन्नाचा नाही. वर्षाला पाच कोटी मिळवणारा पाच कोटींचं धान्य, कपडे आणि पेट्रोल घेत नाही. तो उरलेलं शेअरमध्ये, जमिनीत घालतो. शिवाय असा माणूस पाहणीवाल्यांना सहसा सापडत नाही, सापडला तर बोलत नाही. उत्पन्नाचा हिशोब केला तर २०२२-२३ मध्ये वरच्या १ टक्क्याकडे २२.६ टक्के उत्पन्न आणि ४०.१ टक्के संपत्ती होती. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तोच उत्पन्नाचा वाटा ६ टक्क्यांच्या आसपास होता.

दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. खालच्याच्या ताटात थोडं जास्त येतंय आणि वरचा त्याच्या कितीतरी पट वेगाने पुढे गेलाय.

नर्मदाकाठ

धडगावला शिकवतो (नंदुरबार). दरडोई उत्पन्नात आमचा जिल्हा राज्यात तळाच्या दोन-चारांत असतो.

@टॅक्सभरू, तुमच्या ताटातली भाकरी कमी होत नाही हे मान्य. पण आमच्याकडे डॉक्टर येत नाही. एमबीबीएस होऊन माणूस पाड्यावर का राहील, नाशिकला त्याला किती मिळतात? चांगला शिक्षक बदली करून जातो. जिथे पैसा तिथे डॉक्टर, तिथे बस, तिथे रेंज. माझ्या वर्गातल्या मुलीच्या आईला बाळंतपणाच्या वेळी झोळी करून रस्त्यापर्यंत आणलं, कारण पाड्यापर्यंत गाडी येत नाही. तिथल्या माणसाचं उत्पन्न मुंबईच्या किती पट कमी, हा आकडा मला पाठ नाही. पण विषमतेने कुणाचं काही बिघडत नाही, असं मी तरी म्हणू शकत नाही.

लाडकी बहीणबद्दल. कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं, अशी अट आहे. पाड्यावरच्या बायकांच्या हातात स्वतःच्या नावावर दर महिन्याला येणारा हा पहिला पैसा. सूरतला कामाला गेलेला नवरा पाठवेल तेव्हा पाठवेल. एका बाईने पहिल्या हप्त्यातून काय घेतलं? मुलाला चप्पल आणि स्वतःसाठी चष्मा. चार वर्षं ती सुईत दोरा ओवायला शेजारच्या पोरीला हाक मारत होती.

टॅक्सभरू

नर्मदाकाठ सर, चष्म्याला माझी हरकत नाही आणि कधी असणारही नाही. निवडणुकीच्या तोंडावर योजना येतात त्याला आहे. तुमच्याकडे दीड हजाराऐवजी रस्ता झाला असता तर?

नर्मदाकाठ

रस्ता सत्तर वर्षं मागतोय. तो येईपर्यंत चष्मा नको का?

गिरणगावकर

माझे वडील लालबागला गिरणीत साचेखात्यात (मागांच्या खात्यात) होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी सातवीत. अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यातले बरेच परत आत गेले नाहीत ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, म्हणून ती लांबवत नाही.

मला सांगायचं आहे ते नंतरचं. तेव्हा आमच्या चाळीत जॉबर (कामगारांवरचा मुकादम), कारकून, बदली कामगार सगळे एकाच मजल्यावर. जॉबरला पगार जास्त, पण नळ एकच, संडासाची रांग एकच, गणपतीची वर्गणीही उन्नीस-बीस. त्याच जमिनीवर आता टॉवर आहेत. आमच्या चाळीतल्या बऱ्याच बायका तिथे कामाला जातात. गेटवर फोनमधल्या अ‍ॅपवर हजेरी, पिशवी तपासणी, आणि वर जायला वेगळी सर्व्हिस लिफ्ट, त्यातूनच कुत्रे आणि कचऱ्याचे डबे. एकजण सांगत होती, ज्या बाळाला ती दिवसभर सांभाळते त्याला कडेवर घेतलं असेल तर मोठ्या लिफ्टने जाता येतं, एकटी असेल तर नाही.

पैशाचा फरक माणूस पचवतो. हे कसं पचवायचं?

शेवग्याची_शेंग

आमच्या सोसायटीत असा नियम होता. मागच्या वर्षी तीन बायकांनी मिळून सभेत हा विषय काढला, दोन तास भांडण झालं आणि नियम गेला. कुणीही काढू शकतं, सभेचा अजेंडा मागवा आणि लेखी द्या.

ऑस्लोकर

नॉर्वेत राहतो. इथे कोणाचं करपात्र उत्पन्न किती हे सरकारी नोंदीत कुणालाही बघता येतं. २००१ पासून हे इंटरनेटवर शोधता यायला लागलं आणि लोक शेजाऱ्याचं, मेहुण्याचं, जुन्या वर्गमित्राचं उत्पन्न शोधत बसायचे. एका अर्थतज्ज्ञाने नंतर अभ्यास केला तेव्हा दिसलं की त्यानंतर श्रीमंत आणि गरीब यांच्या समाधानातलं अंतर वाढलं. २०१४ पासून नियम बदलला. आता तुम्ही कुणाचं नाव शोधलंत तर त्याला ते कळतं. शोधणाऱ्यांची संख्या एकदम खाली आली.

आपल्याकडे असं केलं तर काय होईल, याचा मी बऱ्याचदा विचार करतो. माझ्या मते व्हायला हवं.

गोरखचिंच

सासरे लग्नाआधीच सगळं डाउनलोड करतील. :D

पेडणेकरीण

गोव्याची बाजू सांगते. दरडोई उत्पन्नात आमचं राज्य देशात अगदी वरच्या रांगेत. पण आमच्या पेडण्यात मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला आणि त्याच्या आधीपासूनच जमिनीचे भाव असे चढले की बोलायची सोय नाही. दिल्ली-मुंबईची माणसं डोंगरउतारावर व्हिला बांधतात, वर्षातून दोन महिने राहतात. माझा भाऊ सरकारी खात्यात आहे, पगार चांगला, तरी त्याला स्वतःच्या गावात चार खोल्यांपुरती जागा परवडत नाही. आमचं उत्पन्न कमी झालेलं नाही. पण आमच्याच गावात आम्ही गरीब झालो, दुसऱ्यांच्या पैशामुळे. @टॅक्सभरू, भाकरी कमी होत नाही असं तुम्ही म्हणालात. जागा कमी होते.

टॅक्सभरू

हा मुद्दा पटला. घरांच्या बाबतीत पुण्यात आम्हीही हेच भोगतोय.

हिशोबनीस

अल्बर्ट हर्शमन नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९७३ मध्ये एक कल्पना मांडली होती. बोगद्यात दोन रांगांत गाड्या अडकल्यात. शेजारची रांग हलली की आपल्याला आधी बरं वाटतं, आता आपलीही हलणार. बराच वेळ तीच हलत राहिली आणि आपण तिथेच, की मग माणूस चिडतो. १९९१ नंतर आपल्याकडे लोकांनी मॉल, गाड्या, पॅकेजं आनंदाने बघितली, कारण पोरगा इंजिनिअर झाला की आपलाही नंबर लागणार होता. आता इंजिनिअर होऊन पोरगा डिलिव्हरीच्या बॅगा उचलतोय. लोकांची नजर बदलली ती इथे.

फळा_खडू

माझ्या वर्गातली दोन मुलं रात्री डिलिव्हरी करतात. सकाळच्या पहिल्या तासाला झोपतात, मी उठवत नाही.

मृद्गंध

खूप वेगळ्या वेगळ्या जागा पुढे आल्या, सगळ्यांचे आभार. पण उपाय काय, यावर कुणीच बोललेलं नाही. मला सर्वांत जास्त आशा शाळेतून वाटते. शिक्षण हक्क कायद्याने खाजगी शाळांत गरीब मुलांसाठी ठेवलेल्या २५ टक्के जागांमुळे माझ्या मुलाच्या वर्गात रिक्षावाल्याची आणि वॉचमनची मुलं आहेत. दिल्लीतल्या शाळांचा गौतम राव यांनी अभ्यास केला, २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. गरीब वर्गमित्र असलेली श्रीमंत घरची मुलं जास्त उदार झाली आणि खेळात जोडीदार निवडताना गरीब मुलाला टाळण्याचं प्रमाणही कमी झालं. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या राज्याने जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असलेल्या खाजगी शाळांना या जागांतून सूट दिली होती. जुलैमध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली. आमच्या पालकांच्या ग्रुपवर त्या दिवशी नाराजीचे मेसेज होते. मी एकटीने "छान झालं" असं लिहिलं.

चिंचोके

वर्गात घेतात, पण सहलीचे साडेचार हजार कोण भरणार? माझ्या मेहुण्याची मुलगी अशाच जागेवर आहे. सहलीच्या दिवशी ती घरी असते. गॅदरिंगचा ड्रेस, प्रोजेक्टचं सामान, वाढदिवसाची चॉकलेटं. फी माफ असली तरी बाकी सगळं विकतच आहे.

मृद्गंध

हे आमच्या शाळेतही असेल, मी विचारते. सहलीचा खर्च सगळ्या पालकांत वाटून घेता येईल.

बारनिशी

वाटून घेणं हे दानधर्म झालं, मृद्गंध ताई. मूळ प्रश्न कराचा आहे. मेल्यानंतरच्या मालमत्तेवरचा कर १९८५ मध्ये गेला, संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पात गेला. ज्याच्या बापाने त्याच्यासाठी चार फ्लॅट ठेवले त्याला ते मिळताना एक रुपया कर नाही आणि फळा_खडू ताई पीएचडी करून तासावर. वारसा कर परत आणा, मोठ्या मालमत्तांवरच लावा, आणि तो पैसा शाळांना द्या.

टॅक्सभरू

याला माझा कडाडून विरोध. बापाने आयुष्यभर कर भरूनच ते फ्लॅट घेतले. आणि १९८५ पर्यंत तो कर होता तेव्हा जमा किती व्हायचं, वसूल करण्याचा खर्च किती व्हायचा, ते आधी बघा. मोठे लोक ट्रस्ट काढून सुटतील आणि सापडेल तो दादरला आजोबांची खोली मिळालेला कारकून.

बारनिशी

म्हणूनच म्हटलं की मर्यादा वर ठेवा. दादरची एक खोली वगळायची, दहा कोटींच्या वर लावायचा.

कापूसकोंड्या

दहा कोटींवर लावा, वीसवर लावा, आम्हाला हरकत नाही. फक्त जमीन वगळा. बाप गेल्यावर सातबारावर नाव चढवायलाच आमच्या तीन चकरा होतात.

टॅक्सभरू

जमीन वगळली की सगळे बिल्डर शेतकरी होतील, कापूसकोंड्या भाऊ. आजही होतातच.

कापूसकोंड्या

मग ओलिताची मर्यादा घाला, पाच एकर. तेवढ्यात बिल्डर मावत नाही.